ट्राउट, फ्लाय आणि हिमालयातील ओढे

सॅमनच्या कुळातील एकही मासा भारताच्या नद्यांत निसर्गतः आढळत नाही. या कुळातील तपकिरी ट्राउटचा मूळ प्रदेश युरोपपासून पूर्वेकडे पसरत हिंदुकुशाच्या उत्तर उतारावरील अमू दर्याच्या उगमप्रवाहांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. सिंधू, झेलम किंवा बियासच्या पाण्यात तो स्वतःहून कधी उतरला नाही. तरीही आज काश्मीरमधील लिद्दर, सिंध आणि ब्रिंगी, हिमाचलमधील तीर्थन, सैंज, उहल आणि पब्बर, उत्तराखंडातील दोडीताल आणि त्यातून निघणारी असीगंगा अशा अनेक जलप्रवाहांत तपकिरी ट्राउट पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालत, वाढत आणि टिकून राहिलेला दिसतो, तर दक्षिणेत निलगिरीच्या आणि मुन्नारच्या उंच पठारांवर त्याचा दूरचा नातलग असलेला इंद्रधनुषी ट्राउट वस्ती करून आहे. हा मासा भारतात अन्नासाठी किंवा व्यापारासाठी आणला गेला नाही. तो आणला गेला तो ‘फ्लाय फिशिंग’ या एका खेळासाठी, म्हणजे पिसे, लोकर आणि रेशमी धागा गळावर गुंडाळून बनवलेल्या कृत्रिम कीटकाने मासा फसवण्याच्या कलेसाठी. या खेळाने हिमालयाच्या ओढ्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

‘ट्राउट’ या एकाच नावाखाली भारतात दोन वेगळे मासे ओळखले जातात. तपकिरी ट्राउट, शास्त्रीय नाव साल्मो ट्रुटा, हा युरोपातला. त्याच्या पिवळसर तपकिरी अंगावर काळे आणि लाल ठिपके असतात आणि लाल ठिपक्यांभोवती फिकट कडी दिसते. इंद्रधनुषी ट्राउट, शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस मायकिस, हा उत्तर अमेरिकेचा प्रशांत किनारा आणि रशियातील कामचात्का येथील रहिवासी. त्याच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो. पूर्वी तो युरोपीय ट्राउटच्याच प्रजातीसमूहात गणला जाई, परंतु त्याचे जवळचे नाते प्रशांत महासागरातील सॅमनशी आहे हे स्पष्ट झाल्यावर १९८९ साली त्याचे शास्त्रीय नाव बदलण्यात आले. दोघांची मुख्य गरज मात्र एकच आहे, ती म्हणजे थंड, वाहते आणि स्वच्छ पाणी. पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो; १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच. ट्राउटला १० ते १५ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, २० अंशांच्या वर त्याची भूक मंदावते आणि २५ अंशांच्या पुढे जगणेच कठीण होते. सह्याद्रीच्या नद्यांत ट्राउट का नाही आणि मनालीच्या वरच्या बियासमध्ये तो का आहे, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

जिवंत मासा महिनोन्‌महिने जहाजातून नेणे एकोणिसाव्या शतकात अशक्यच होते. शक्य झाले ते अंडी नेणे, आणि तेही एका विशिष्ट अवस्थेतली. फलित अंड्याच्या पारदर्शक कवचातून गर्भाचे दोन काळे डोळे दिसू लागले की ते अंडे हाताळणी सहन करू शकते, आणि त्याला गोठणबिंदूच्या जरा वर ठेवले तर त्याची वाढ इतकी मंदावते की फुटण्याची वेळ कित्येक आठवडे पुढे ढकलता येते. अशी डोळे आलेली अंडी ओल्या शेवाळात थर देऊन आणि बर्फाच्या कोठारात ठेवून १८६४ साली ‘नॉरफोक’ या जहाजाने इंग्लंडहून विषुववृत्त ओलांडून ऑस्ट्रेलियाकडे नेण्यात आली आणि त्यांतील काही टास्मानियातील प्लेंटी नदीकाठच्या कुंडांत फुटली. तिथून ट्राउट न्यूझीलंडला गेला. ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा आजही आधारभूत मानला जाणारा ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस डे यांनी त्याच दशकात निलगिरीत ट्राउट आणण्याचे प्रयत्न केले, पण उष्ण प्रदेशातून डोंगरावर जाणाऱ्या त्या प्रवासात त्यांना यश आले नाही.

यश आले ते काश्मीरमध्ये, आणि तेही पहिल्या खेपेला नव्हे. महाराजा प्रताप सिंह यांच्या कारकिर्दीत ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी १८९९ साली पाठवलेली तपकिरी ट्राउटची अंडी वाटेतच नष्ट झाली. त्यानंतर १९०० च्या अखेरीस आलेली दुसरी खेप मात्र जगली. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे स्कॉटिश गृहस्थ फ्रँक मिचेल यांनी या पिल्लांचे संगोपन अंगावर घेतले आणि श्रीनगरजवळच्या हारवन, दाचीगाम परिसरातील झऱ्यांच्या पाण्यावर उबवणी केंद्र उभे राहिले. पुढे संस्थानाचे मत्स्यखाते अस्तित्वात आले तेव्हा त्याची सूत्रेही मिचेल यांच्याकडेच आली. येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. दाचीगामचे जंगल १९१० पासून संरक्षित झाले ते श्रीनगरच्या पिण्याच्या पाण्याचा उगम म्हणून; ज्या पाण्याची राखण माणसासाठी झाली तेच पाणी ट्राउटलाही पोसत राहिले. काश्मीरमधून अंडी कुलू खोऱ्यात गेली, जिथे १९०९ च्या सुमारास हॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पुढाकाराने कटराईंजवळ महिली येथे उबवणी केंद्र सुरू झाले. निलगिरीत एच. सी. विल्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अ‍ॅव्हलांची येथे इंद्रधनुषी ट्राउट रुजवला. तिथले पाणी हिमालयापेक्षा उबदार असल्याने तपकिरी ट्राउटऐवजी हीच जात टिकली.

आता मूळ कलेकडे वळता येईल. कोकणात गरीने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात, आणि त्यात दोरीच्या टोकाला शिसे बांधलेले असते. हात झटकला की शिशाचे वजन पुढे धावते आणि हलकी दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हा संबंध नेमका उलटा असतो. कृत्रिम कीटकाला, म्हणजे फ्लायला, वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. ही जाड, टोकाकडे निमुळती होत जाणारी दोरी लवचिक काठीने प्रथम मागे झुलवतात, ती मागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबतात आणि मग पुढे झुलवतात. काठी वाकते, सरळ होते आणि दोरी हवेत अरुंद वेटोळे घेत उलगडत जाते. तिच्या टोकाला ‘लीडर’ नावाचा, क्रमाने बारीक होत जाणारा पारदर्शक धागा असतो, जो दोरीचा वेग हळूहळू शोषून घेतो, आणि त्याच्या टोकाची फ्लाय पाण्यावर न आदळता उतरते. या क्रियेत ताकदीचे काम फारसे नसते. मागचा तो थांबा साधणे हेच नवशिक्याला सर्वांत जड जाते.

या कलेचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इसवी सनाच्या २०० च्या सुमाराचा आहे. रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रेअस नदीवरचे लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची पिसे बांधतात आणि ठिपकेदार मासे पकडतात, असे वर्णन केले आहे. पुढची दीड हजार वर्षे बांधणीची सामग्री बदलत गेली तरी विचार तोच राहिला. तो विचार समजण्यासाठी ट्राउटच्या आहाराकडे पाहावे लागते. डोंगरी ओढ्यातल्या गोट्यांखाली मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्ले राहतात. मेफ्लायचे पिल्लू, ज्याला निम्फ म्हणतात, बहुधा वर्षभर पाण्याखाली वाढते. मग एके दिवशी पृष्ठभागावर येऊन कात टाकते आणि पंख उभारून काही क्षण पाण्यावर तरंगते. उडून काठावरच्या झाडीत गेल्यावर ते पुन्हा एकदा कात टाकते, आणि पंख फुटल्यानंतर कात टाकणारा दुसरा कोणताही कीटकगण नाही. प्रौढ मेफ्लायला कामाचे तोंड नसते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मीलन आणि अंडी घालणे उरकून ती मरते. पाण्याखालचे निम्फ, वर येणारा अर्धवट उमललेला कीटक, तरंगणारा पंखधारी आणि शेवटी पंख पसरून पडलेला मृत कीटक, या प्रत्येक अवस्थेची वेगळी फ्लाय बांधली जाते.

कोणती अवस्था वापरणे उचित, यावरून इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तरंगत्या, कोरड्या फ्लायचे शास्त्र मांडले आणि त्यांच्या अनुयायांनी तर पृष्ठभागावर खाणाऱ्या माशालाच आणि तेही तरंगत्या फ्लायनेच पकडावे, असा जवळजवळ धर्मनियम केला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० पासून सौम्य पण ठाम शब्दांत दाखवून दिले की ट्राउट बहुतांश अन्न पाण्याखालीच खातो, तेव्हा निम्फचे अनुकरण करण्यात काही अनुचित नाही. हा वाद चुनखडीच्या प्रदेशातून संथ वाहणाऱ्या, शेवाळांनी आणि कीटकांनी समृद्ध अशा नद्यांवरचा होता. डोंगरी ओढ्याला तो फारसा लागू पडत नाही. हिमालयातील ओढ्यात अन्न तुटपुंजे असते, पाणी वेगाने जाते आणि माशाला समोरून वाहत येणारी वस्तू खावी की सोडावी हे क्षणार्धात ठरवावे लागते. तिथे फ्लाय हुबेहूब असण्यापेक्षा ती नैसर्गिक गतीने वाहत येणे अधिक महत्त्वाचे ठरते. पाण्याच्या ओढीने दोरी ताणली गेली की फ्लाय प्रवाहाला आडवी सरकू लागते आणि खरा कीटक असा कधीच सरकत नसल्याने मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. जपानच्या डोंगराळ भागातील ‘तेन्कारा’ या पारंपरिक पद्धतीत रीळच नसते. लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि एक साधी फ्लाय एवढ्यावर काम होते, आणि उंच धरलेल्या काठीमुळे दोरी पाण्यापासून वर राहते. अरुंद, झाडांनी वेढलेल्या ओढ्यासाठी हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची आहे, असे म्हणायला हरकत नाही.

फ्लाय कुठे टाकायची, हे ठरवणे म्हणजे ओढा वाचणे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो, आणि ती जागा तो अशी निवडतो की स्वतःची शक्ती कमीत कमी खर्च व्हावी आणि अन्न मात्र जवळून वाहत जावे. मोठ्या धोंड्याच्या मागचा शांत खळगा, धोंड्याच्या पुढची पाण्याची उशी, वेगवान आणि संथ धार जिथे एकमेकींना घासून जातात ती शीव, पोखरलेल्या काठाखालची सावली, डोहाच्या शेवटी पाणी उथळ होते तो भाग, ही त्याची ठरलेली ठिकाणे असतात. माशाची नजरही विचारात घ्यावी लागते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याखालून वरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसते. एक फूट खोल असलेल्या माशाच्या डोक्यावर जेमतेम सव्वादोन फूट व्यासाची गोल खिडकी असते आणि तिच्याबाहेरचा पृष्ठभाग त्याला तळाचे प्रतिबिंब दाखवणाऱ्या आरशासारखा भासतो. पाण्यालगतच्या वस्तू या खिडकीच्या कडेला इतक्या दबून जातात की काठावर वाकून किंवा गुडघ्यावर चालणारा माणूस जवळजवळ अदृश्य राहतो, उभा माणूस मात्र लगेच दिसतो. म्हणूनच जाणकार माणूस प्रवाहाच्या खालून वर, माशाच्या पाठीमागून चढत जातो.

या परदेशी कलेच्या साहित्यात भारताचा वाटा मोठा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून बनवलेल्या काठ्या एकोणिसाव्या शतकात प्रचलित झाल्या तेव्हा त्यांचा बांबू भारतातून जात असे आणि बाजारात तो ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जाई. चीनमधील टोंकिन बांबूने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जागा घेतली. मोराच्या पिसाऱ्यातील हिरवट काशाची झाक असलेले तंतू आजही असंख्य फ्लायच्या धडाभोवती गुंडाळले जातात. महाराष्ट्राशी सर्वांत जवळचा दुवा आहे तो राखाडी रानकोंबड्याचा. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते त्या या पक्ष्याच्या नराच्या मानेवरील पिसांना मेणचट पिवळे ठिपके असतात, आणि फ्लायच्या डोक्याच्या दोन बाजूंना ते लावले की लहान माशाच्या डोळ्याचा भास होतो. या पिसांना परदेशात इतकी मागणी होती की पक्ष्याच्या मानेची कातडी मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. आज हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सुरक्षित आहे आणि परदेशातील कायदेशीर गरज तिकडे पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांवर भागवली जाते. सह्याद्रीच्या पक्ष्याने स्कॉटलंडच्या नद्यांवरील शौकासाठी मोजलेली ही किंमत कोणत्याही फ्लायच्या पुस्तकात ठळकपणे नोंदवली जायला हवी.

हिमालयाच्या ओढ्यांनी मोजलेली किंमत याहून मोठी असावी. तिथल्या थंड पाण्याचे मूळ रहिवासी म्हणजे शायझोथोरॅक्स या प्रजातीसमूहातील मासे, ज्यांना इंग्रज लोक ‘स्नो ट्राउट’ म्हणत. कुळाने ते ट्राउट नसून रोहू-कटल्याच्या नात्यातले आहेत. कुमाऊँ-गढवालमध्ये त्यांना ‘असेला’ म्हणतात. त्यांतील अनेक जाती दगडांवरचे शेवाळ खरवडून खातात. मांसाहारी तपकिरी ट्राउट त्यांची पिल्ले खातो आणि वरच्या पट्ट्यातील जागाही व्यापतो. धरणे, वाळूउपसा आणि अतिरिक्त मासेमारी यांचाही भार पडल्याने असेलाच्या प्रमुख जातीची गणना आज जागतिक पातळीवर धोक्याच्या छायेतील माशांत होते. न्यूझीलंडचा अनुभव अधिक कठोर आहे. तिथला मूळचा ग्रेलिंग मासा ट्राउटच्या आगमनानंतर काही दशकांत, १९२० च्या दशकात, शेवटचा दिसला आणि नामशेष झाला. जगातील सर्वांत घातक अशा १०० आक्रमक परकीय जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली, तिच्यात ट्राउटच्या या दोन्ही जाती आहेत. सव्वाशे वर्षांची वस्ती झाली म्हणून हा मासा हिमालयाचाच मानावा, हे म्हणणे भावनेला पटणारे असले तरी विज्ञानाला पटणारे नाही.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही खरी आहे. ट्राउटमुळे काही नद्यांना असे रक्षक मिळाले जे अन्यथा मिळाले नसते. कुलू जिल्ह्यातील तीर्थन नदी २०१४ साली जागतिक वारसा ठरलेल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून वाहत येते. तिच्या खोऱ्यात छोट्या जलविद्युत प्रकल्पांचे प्रस्ताव आले तेव्हा स्थानिक रहिवाशांनी विरोध केला आणि नदी मोकळी ठेवण्याच्या निर्णयामागे तिच्यातला ट्राउट हे एक महत्त्वाचे कारण ठरले. शेजारच्या खोऱ्यांतील नद्या बोगद्यांत शिरल्या असताना तीर्थन आजही आपल्या पात्रातून वाहते, आणि तिच्यातल्या असेलाला व कीटकांनाही त्याचा लाभ होतो. काश्मीरमध्ये ओढ्यांचे ‘बीट’ म्हणजे राखीव पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यावर मोजक्याच काठ्यांना परवाना देण्याची पद्धत आहे आणि ऑक्टोबर ते मार्च मासेमारी बंद असते. हिमाचलच्या ट्राउटच्या पाण्यात ही बंदी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते. या बंदीचे कारण माशाच्या विणीत आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी बारीक गोट्यांच्या तळात खळगा करते, अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटते. १० अंशांच्या पाण्यात जी अंडी सुमारे चाळीस दिवसांत फुटतात, त्यांना बर्फाळ ओढ्यात तीन महिनेही लागतात, आणि या सगळ्या काळात गोट्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळते राहिले तरच ती जगतात. रस्तारुंदीकरणाचा राडारोडा नदीत लोटला की त्याच्या बारीक मातीने या फटी बुजतात. वर पाणी नितळ दिसत असले तरी खाली अंडी गुदमरलेली असतात.

गेल्या काही दशकांत भारतातील ट्राउटचे केंद्र ओढ्यांकडून शेतीकडे सरकले आहे. युरोपीय समुदायाच्या साह्याने १९८४ साली काश्मीरमध्ये कोकरनाग येथे, आणि पुढे नॉर्वेच्या साह्याने कुलूजवळ पतलीकुहल येथे, इंद्रधनुषी ट्राउटची आधुनिक शेती सुरू झाली. आता डोंगरी गावांतील अनेक कुटुंबे सिमेंटच्या वाहत्या हौदांत हा मासा वाढवतात. हा व्यवसाय आधाराचा असला तरी तो नदीच्या लहरीवर अवलंबून आहे, हे जुलै २०२३ च्या पुराने हिमाचलातील ट्राउट शेतकऱ्यांना फार महागात दाखवून दिले. शिवाय हवामान तापत चालले की ट्राउटचा पट्टा वर सरकतो, आणि डोंगराला शिखर असते.

मासा पकडून सोडून देण्याच्या प्रथेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. गिळल्या जाणाऱ्या आमिषापेक्षा फ्लाय बहुधा ओठातच अडकत असल्याने सोडलेला मासा जगण्याची शक्यता अधिक असते. काटा नसलेला गळ वापरला, हात ओले केले आणि मासा पाण्याबाहेर काढलाच नाही तर ती आणखी वाढते. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि बुरशीला वाट मिळते. परंतु मासा वेदनारहित असतो, हा जुना दिलासा आता घेता येत नाही; लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधनात इंद्रधनुषी ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारी चेतातंतूंची टोके असल्याचे दाखवले. ज्याला हा खेळ खेळायचा आहे त्याने हे जाणूनच खेळावा.

या साऱ्या पुराव्यावरून निष्कर्ष असा निघतो की ज्या ओढ्यांत ट्राउट शंभर वर्षांपूर्वी रुजला तिथे त्याला राखावे, पण ज्या पाण्यात आजही फक्त असेला आणि महासीर हे मूळचे मासे आहेत तिथे पर्यटनाच्या नावाखाली ट्राउटचे एकही पिल्लू सोडले जाऊ नये. तीर्थन, उहल किंवा लिद्दरच्या काठी जाणाऱ्या मराठी वाचकाने मत्स्यखात्याचा परवाना घेतल्याशिवाय पाण्यात दोरी टाकू नये, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात उथळ पात्रातील बारीक गोट्यांवरून चालणे टाळावे, कारण त्या दिवसांत त्यांच्याखाली अंडी किंवा नुकतीच फुटलेली पिल्ले असतात.